कंबर दोन बोटं सैल

शिवणमावशींचं खरं नाव डे-केअरमध्ये कुणालाच नीट आठवत नसे. पहिल्या दिवशी सिस्टर त्यांचा रक्तदाब मोजायला आली, तर मावशींचं लक्ष तिच्या पांढऱ्या कोटाच्या लोंबणाऱ्या बटणाकडे. "अगं इकडे ये, गळून पडेल ते," म्हणत त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढला आणि सिस्टर काही बोलायच्या आत बटण पक्कं करून टाकलं. रक्तदाब मग सावकाश मोजला गेला. त्या दिवसापासून त्या शिवणमावशी झाल्या, त्या झाल्याच.

डे-केअर म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला असलेल्या दोन लांबट खोल्या. पूर्वी तिथे चादरी आणि उशा ठेवत. आता एका खोलीत भिंतीकडेने मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या होत्या. दुसरीत जेवायची टेबलं, वजनाचा काटा आणि व्यायामासाठी भिंतीत बसवलेली लोखंडी दांडी. सकाळी गाडी घरोघर फिरून म्हाताऱ्यांना गोळा करायची आणि संध्याकाळी ज्याला त्याला घरी सोडायची. मधल्या वेळात गोळ्या, हातपाय हलवणं, जेवण, डुलकी, पत्ते आणि भांडणं. भांडणं बहुतेक पंख्यावरून. एकाला वारा लागायचा, दुसऱ्याचा जीव गुदमरायचा, आणि दोघं मिळून सिस्टरचं डोकं खायचे.

मावशींना हे सगळं मनापासून आवडायचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर धरून चालायच्या. मुलगा आणि सून कामावर गेले की भिंतींकडे बघत बसायचं, हा त्यांचा दिवस. भिंतींना बोलता येत नाही. मग आज छातीत दुखे, उद्या डोकं गरगरे, आणि मुलगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना दवाखान्यात नेई. डॉक्टर तपासायचे, काही निघायचं नाही. डे-केअर सुरू झालं आणि छाती, डोकं सगळं जागच्या जागी आलं. मुलगा म्हणाला, "आई, तुझा आजार गाडी बघूनच पळाला बघ." त्यांना जरा लागलं, पण खोटं नव्हतं ते.

पूर्वी त्यांच्या नवऱ्याचं शिंप्याचं दुकान होतं. नवे कपडे तो शिवायचा आणि मागच्या फळीवर बसून उसवायचं, आत घ्यायचं, सैल करायचं काम मावशी करायच्या. नवरा गेल्यावर दुकान चाललं ते याच कामावर. माणसं सुटतात, आटतात, पण आवडती पँट टाकवत नाही. कोणाच्या घरी पाळणा हलणार आणि कोण आतून खंगत चाललंय, हे मावशींच्या टेपला गल्लीच्या आधी कळायचं. आणि टेपला कळलेलं मावशींच्या तोंडातून कधी बाहेर पडायचं नाही. गिऱ्हाइकाच्या अंगाची गोष्ट दुकानाची पायरी उतरता कामा नये, हे त्यांनी जन्मभर पाळलं. त्यामुळेच तर बायका त्यांच्याकडे यायच्या.

त्यांच्या शेजारची खुर्ची कंडक्टरची. हा गृहस्थ आयुष्यभर बसमध्ये उभा राहिलेला, त्यामुळे बसायला मिळालं याचंच त्याला अप्रूप. आवाज असा, की जेवणाची वेळ झाल्याचं सिस्टरला सांगावं लागत नसे. "चला, पुढे सरका, आत जागा आहे," असं तो ओरडला की म्हाताऱ्यांची रांग हसत हसत टेबलाकडे निघे. वॉकरवाले, काठीवाले, व्हीलचेअरवाले. त्याचं हृदय मोठं झालं होतं. "माझं काळीज मोठं आहे, बाई, हे डॉक्टरांनीच लिहून दिलंय," असं तो ज्याला त्याला सांगायचा आणि स्वतःच खदखदून हसायचा.

बायको गेल्यावर तो लेकीकडे राहायला आला होता. लेक एका कारखान्यात दिवसपाळीला. दुपार कलली की याच्या छातीत धडधड सुरू व्हायची आणि हा सरळ कॅज्युअल्टी गाठायचा. तिथले लोक त्याला चांगलेच ओळखू लागले होते. एक डॉक्टर तर म्हणे त्याला बघताच चहा मागवायचा. कितीदा तरी त्याला रात्रभर ठेवून घेतलं, नळ्या लावल्या, काढल्या. लेकीला कारखान्यात फोन गेला की ती मशीन सोडून धावत यायची. डे-केअरला यायला लागल्यापासून मात्र फोन बंद झाले. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना वाटलं, गेला वाटतं म्हातारा.

हे मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. डे-केअर त्यांनीच हट्टानं सुरू केलं होतं. म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळलं तर हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी होतील, असं ते वरच्यांना पटवून बसले होते. माणूस चांगला होता, मनापासून झटत होता. एकदा वरून काही पाहुणे बघायला आले, तेव्हा त्यांनी कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे बघा. हे आमच्या कॅज्युअल्टीचे कायमचे पासधारक. इथे यायला लागल्यापासून एकदाही तिकडे गेलेले नाहीत." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टर उठून उभा राहिला, छाती पुढे काढली आणि खरोखरच सलाम ठोकला. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत जमिनीवर नव्हता.

चांगुलपणाच कधी कधी माणसाच्या गळ्याशी येतो, तो असा.

पुढे एक दिवस कंडक्टर मावशींच्या कानाशी लागला. "बाई, एक काम होतं. ही पँट धुण्यात आटली बहुतेक. बटण लागत नाही."

मावशींनी टेप काढला, त्याच्या कमरेला लावला, आणि मग पँटला लावला. "पँट आहे तेवढीच आहे. तुम्ही फुगलात."

"लेक चांगलं खाऊ घालते."

"खाण्यानं पोट सुटतं. पाय सुटत नाहीत," मावशी म्हणाल्या. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला पाय समोरच्या स्टुलावर ठेवायला लावला आणि मोजा खाली केला. मोज्याच्या इलॅस्टिकनं नडगीवर खोल वळ पाडला होता. त्यांनी वळाच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

दोघंही त्या खड्ड्याकडे बघत राहिले.

"सिस्टरला दाखवा," मावशी म्हणाल्या.

"दाखवतो की. सोमवारी वजन असतं, तेव्हा दाखवतो. तुम्ही तेवढी कंबर सैल करून द्या." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "छापखानेवाल्यांचं काय झालं, बघितलंत ना?"

मावशींनी बघितलं होतं. सगळ्यांनीच बघितलं होतं. छापखान्यात जन्म घालवलेले ते गृहस्थ खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. साधा खोकला झाला म्हणून सिस्टरनं त्यांना वर वॉर्डात पाठवलं. वॉर्डात दाखल झालेल्याची खुर्ची पुढच्या माणसाला द्यायची असा नियम होता, कारण बाहेर थांबलेले पुष्कळ. छापखानेवाले खडखडीत बरे होऊन घरी गेले, आणि घरीच राहिले. सकाळची गाडी त्यांच्या दारावरून जायची. ते गॅलरीत उभे राहून हात हलवायचे आणि गाडीतून सगळे हात हलवायचे. मग ते गॅलरीत येईनासे झाले. एका सकाळी त्यांच्या दाराशी माणसं जमलेली दिसली आणि ड्रायव्हरनं काही न बोलता गाडी पुढे काढली. त्या दिवशी पंख्यावरून कुणी भांडलं नाही.

"आणि मी आता आजारी पडलो तर मोठ्या डॉक्टरांचं नाक कापलं जाईल," कंडक्टर म्हणाला. "माझ्या नावावर टाळ्या घेतल्यात त्यांनी."

मावशींनी पँट घेतली. मागच्या शिवणीत कापड पुरेसं होतं. त्यांनी ती उसवली आणि कंबर दोन बोटं सैल करून दिली.

सोमवारी त्याचं वजन वाढलेलं निघालं नाही. निघणार कसं? काटा भिंतीच्या दांडीला लागून होता. धावत्या बसमध्ये एका हातावर अंगाचा भार पेलायची त्याला जन्माची सवय. तोल जातो म्हणून दांडी धरल्यासारखं करायचं आणि हळूच अंग वर उचलायचं. सिस्टर वाकून आकडा वाचत होती आणि हा मावशींकडे बघून डोळा मिचकावत होता. मावशींना हसू आलं. हो, हसूच आलं. पुढे ते हसू त्यांना आठवलं की जेवण गोड लागायचं नाही.

त्याच सुमारास त्यांना आणखी एक गोष्ट कळली. अंगातलं पाणी उतरवणारी सकाळची लघवीची गोळी तो घेतच नव्हता. गोळी घेतली की गाडीत लघवीची घाई व्हायची, आणि गाडी सगळ्यांना गोळा करत अर्धं गाव फिरायची. "एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कधी मध्येच उतरलो नाही, आता काय पॅसेंजरांसमोर हात वर करू?" तो म्हणाला. गोळी तो संध्याकाळी घ्यायचा, म्हणजे आठवली तर. यावर मावशी त्याला रागावल्या. चांगलं खडसावलं. पण सिस्टर जवळ आली तेव्हा दोघंही मूग गिळून बसले.

मग मोजे आले. इलॅस्टिकचा वळ सिस्टरच्या नजरेला पडेल म्हणून मावशींनी जुन्या मऊ बनियनचे बिनइलॅस्टिकचे मोजे शिवून दिले. मग दुसरी पँट, मग तिसरी. पहिली परत एकदा सैल करावी लागली आणि शिवणीतलं कापड संपलं, तेव्हा त्यांनी मागे त्याच रंगाची पट्टी जोडली. ती इतकी सफाईनं जोडली की त्यांच्या त्यांनाच आवडली. प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "या खेपेला शेवटचं. आता सिस्टरला सांगा." प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "सांगतो." दुसऱ्याचं अंग उघडं पाडायचं नाही, ही त्यांची सवय एवढी जुनी, की ती मोडणं म्हणजे त्यांना चहाडी वाटे. आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती: त्यांना तो शेजारी हवा होता. घरात त्यांना कुणी हसवत नव्हतं.

घरचा जिना चढणं त्याला जड जाऊ लागलं. गाडीच्या पायरीपाशी तो मागच्याला आधी चढू देतोय असं दाखवून थांबायचा. "आत जागा आहे" आता तो खुर्चीतूनच ओरडायचा, आणि तेही एका दमात व्हायचं नाही. म्हाताऱ्यांना वाटलं, थकला असेल. म्हातारपणी कोण थकत नाही?

शेवटी एका दुपारी सगळे रेलून डुलक्या घेत असताना मावशींना जाग आली. कंडक्टर ताठ बसून होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मान पुढे, आणि श्वास घेताना आतून पाणी खळखळल्यासारखा आवाज. मागे रेललं की गुदमरत होता तो. ओठ काळसर झाले होते. त्यानं मावशींकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

मावशींनी वॉकर शोधला नाही की काही नाही. बसल्या जागेवरून त्यांनी जी हाक मारली, ती वरच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. "सिस्टर! अगं, याला बघ! याला आधी बघ!"

सिस्टर धावत आली. व्हीलचेअर आली, ऑक्सिजन आला, आणि त्याला वर नेलं.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी सिस्टरला विचारलं, की एवढं पाणी काही एका रात्रीत साचत नाही, तुम्ही वजन घेत होता की नाही? सिस्टर बिचारी काटा उलटसुलट करून बघत बसली. स्वतः त्याच्यावर उभी राहिली. मग कोपऱ्यात जाऊन रडली. मावशींना ते पाहवेना. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं: दांडी, गोळी, मोजे, कंबर. काही हातचं राखलं नाही.

सिस्टरनं डोळे पुसले. "मी रोज सकाळी सगळ्यांना विचारते, काही त्रास नाही ना? रोज विचारते. तुम्ही समोर बसलेल्या असायचात."

"हो गं."

"मग?"

सिस्टर उठून गेली. त्यानंतर ती त्यांना आजी म्हणू लागली, इतर सगळ्या म्हाताऱ्यांना म्हणायची तसं. आवाजात राग नव्हता. मावशींना वाटायचं, राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टनं वर गेल्या. कंडक्टर नळ्यांमध्ये होता, पण शुद्धीवर होता. मास्क बाजूला करून त्यानं विचारलं, "खुर्ची ठेवलीय ना?"

खाली त्याच्या खुर्चीत सकाळीच एक नवीन आजोबा येऊन बसले होते. "ठेवलीय," मावशी म्हणाल्या. "मी पिशवी ठेवून आलेय तिच्यावर. कोण बसतंय?"

तो समाधानानं हसला. त्यानंतरच्या पहाटे तो गेला.

काही दिवसांनी त्याची लेक डे-केअरमध्ये आली. कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच आली होती, पाळी सुटल्यावर. सिस्टरशी बोलली, मोठ्या डॉक्टरांना भेटली, आणि मग मावशींच्या समोर स्टूल ओढून बसली. "मावशी, तुमच्याबद्दल फार बोलायचे बाबा. म्हणून म्हटलं, भेटावं. आई गेल्यापासून ते इतके आनंदात मी पाहिले नव्हते. तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत."

उपकार हा शब्द मावशींना सहन झाला नाही. "थांब," त्या म्हणाल्या. "आधी ऐकून घे, मग काय म्हणायचं ते म्हण." आणि सिस्टरला सांगितलं तेच सगळं त्यांनी तिला सांगितलं. सांगताना त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, कारण खाली बघणं त्यांना पळून जाण्यासारखं वाटलं.

खोलीत पत्त्यांचा डाव चालला होता आणि कुणीतरी पंखा कमी करा म्हणत होतं.

"पाय मीही पाहिले होते," लेक म्हणाली. "रात्री त्यांचा डोळा लागला की पांघरूण सरकायचं. पाहिले होते मी. आणि पँटला मागे जोडलेली पट्टी, धुवायला टाकताना रोज हातात यायची. मला वाटायचं, तिथे सिस्टर आहे, डॉक्टर आहेत, वजन करतात. काही असतं तर त्यांनी फोन केला असता. फोन आला नाही, म्हणजे ठीक असेल." तिनं स्टूल आणखी जवळ ओढलं. "खरं सांगू? फोन येत नव्हता, याचंच मला इतकं बरं वाटत होतं, की मी विचारलंच नाही. किती वर्षांनी मी मशीनवर शांतपणे उभी राहत होते. विचारलं असतं, तर पुन्हा ते सगळं सुरू झालं असतं."

मावशींनी हात पुढे केला, पण तिच्या हातावर ठेवायचा धीर झाला नाही. तो तसाच वॉकरच्या दांडीवर राहिला.

"सगळे म्हणतात, त्यांना काही त्रास झाला नाही," लेक म्हणाली. "शेजारी म्हणतात, नातेवाईक म्हणतात. हसत हसत गेले म्हणतात. मला ते 'बरं आहे मला' एवढंच म्हणायचे. तुम्ही दिवसभर शेजारी बसायचात. तुम्ही सांगा. त्रास व्हायचा का त्यांना?"

मावशींच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. ते किती सोपं होतं. पोरगी उठली असती, पाया पडली असती आणि हलक्या मनानं घरी गेली असती. मावशींनी आयुष्यभर माणसांना तेच दिलं होतं: आहे ते झाकून, बेमालूम करून.

"व्हायचा," त्या म्हणाल्या. "फार व्हायचा, पोरी. गाडीत चढताना त्यांचा श्वास पुरायचा नाही. जेवताना दोन घासांत दम लागायचा, म्हणून ते गप्पा मारत बसायचे आणि ताट परत द्यायचे. रात्री आडवं होता येत नाही, उशीला टेकून बसून राहतो, असं मला म्हणाले होते. त्यांना भीती वाटत होती. मला कळत होतं ते."

लेकीनं तोंडावर दोन्ही हात घेतले आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. बाप गेल्यापासून ती रडली नव्हती, असं मागून कळलं. पत्त्यांचा डाव थांबला. नव्या आजोबांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली, तिला जागा व्हावी म्हणून. मावशी तिच्यासमोर बसून राहिल्या, आणि संध्याकाळची गाडी आली तरी त्या उठल्या नाहीत.